रोज अर्धा हंडा

सकाळी सहाची शिफ्ट असली की मी पेशंट यायच्या आधी पाऊण तास डायलिसिस युनिटवर पोचते आणि सगळ्यात आधी पाणी तपासते. आरओच्या खोलीत कार्बनच्या दोन टाक्या आहेत. पहिल्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. रंग आला नाही की वहीत वेळ लिहून सही करायची. रंग आला तर मशिनं सुरू करायची नाहीत, मग बाहेर कितीही माणसं खोळंबलेली असोत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन प्यायल्यावर आपल्याला काही होत नाही. डायलिसिसमध्ये मात्र रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदाच असतो. क्लोरीन आणि त्याचं अमोनियाबरोबर होणारं क्लोरामीन त्यातून पलीकडे गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. एकोणीस वर्षं मी ही सही करते आहे.

एका पेशंटच्या चार तासांत मशिनमधून साधारण १२० लिटर पाणी फिरतं, मिनिटाला अर्धा लिटर. ते शुद्ध करताना आरओतून वाया जातं ते वेगळं. आणि ज्याच्यासाठी एवढं पाणी, त्या माणसाला प्यायचं पाणी मोजून मिळतं. खिडकीजवळच्या मशिनवर मंगळवार, गुरुवार, शनिवार एक काका येतात. त्यांना दिवसाला सगळं मिळून एक लिटर, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच. ते घरून बाटली आणतात, तिच्यावर पेनानं रेघा मारलेल्या असतात.

पाणी मोजायची सवय मला काकांच्या आधीपासूनची. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं आमच्याच तालुक्यात. मुंबईला येणाऱ्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं, आणि तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबई पिते आहे. आमच्या वाडीत मात्र मार्च संपला की विहीर तळ दाखवते. मग टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, आणि बायका काठावर दोर घेऊन उभ्या राहतात. मी आईबरोबर तिथे उभी राहिले आहे. आता माझी वहिनी उभी राहते. एक हंडा म्हणजे साधारण पंधरा लिटर. भांडुपच्या घरात मी बादली भरते तेव्हाही मनात हंड्याचाच हिशोब चालू असतो, आणि २०२४ च्या जूनमध्ये मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली तेव्हा आमच्या सोसायटीत जो गलका उठला त्यात मला काही बोलवेना.

काकांचं पूर्वी कुर्ल्याला रंगीत माशांचं दुकान होतं. २०२१ च्या दिवाळीनंतर एकदा त्यांनी विचारलं, "ताई, हे मशीन रक्तातून नेमकं काढतं काय?" मी सांगितलं, की आपण डाळ, अंडी, मासे खातो, त्यातल्या प्रथिनांचा जास्तीचा नायट्रोजन शरीराला साठवून ठेवता येत नाही. त्याचा युरिया होतो. मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. तुमचं टाकत नाही, म्हणून आम्ही पडद्यापलीकडून पाणी फिरवून तो काढतो.

काका म्हणाले, "मग माशाचंही तेच की. फक्त तो युरिया करत बसत नाही, कल्ल्यांतून सरळ अमोनिया सोडतो. टाकीत तो साठला की मासा स्वतःच्याच पाण्यात मरतो. तीस वर्षं मी तेवढंच सांभाळलं."

"कसं काढायचात?"

"मी कुठला काढतोय? फिल्टरच्या खडीवर जंतू बसलेले असतात, ते काढतात."

मग त्यांनी सांगितलं, की दर आठवड्याला टाकीतून काढलेलं पिवळट पाणी ते दुकानाबाहेरच्या तुळशीला घालायचे. ती तुळस कमरेएवढी झाली होती.

घरी येताना लोकलमध्ये माझ्या डोक्यात तीच तुळस. युनिटमधलं पाणी रक्तातला नायट्रोजन घेऊन गटारात जातं. ते तसंच जायला हवं, त्याला इलाज नाही. पण माशाच्या पाण्यातला नायट्रोजन झाडांनी घेतला आणि झाडांनी साफ केलेलं पाणी परत माशांना मिळालं, तर पाणी टाकायचंच कशाला? वाचायला लागले तेव्हा कळलं, की याला ॲक्वापोनिक्स म्हणतात, आणि अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांवरच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० च्या दशकापासून यावर काम केलं आहे. चारी बाजूंनी समुद्र आणि गोडं पाणी थोडं, पावसाचं साठवून पुरवायचं. अडचण ओळखीची वाटली.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी मांडणी केली. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्यांदा वजनाचं बोलले, आणि ते बरोबरच होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे ५०० लिटरची टाकी नुसती भरली तरी अर्धा टन. सोसायटीच्या इंजिनिअरनी तुळया खांबाला कुठे मिळतात ते खडूनं आखून दिलं, टाकी तिथेच ठेवली. (गच्चीवर असं काही करणार असाल तर ही खडूची रेघ आधी, बाकी सगळं नंतर.) शेजारी दीड निळा ड्रम, म्हणजे उभे चिरून केलेले तीन अर्धे भाग, लोखंडी घोडीवर. त्यांत खडी भरली असती तर वजन फार झालं असतं, म्हणून भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या घेतल्या. महाग पडल्या. माती कुठेच नाही.

टाकीतलं पाणी छोटा पंप वर चढवतो, ते गोळ्यांमधून मुरत ड्रम भरत जातं. ड्रममध्ये मधोमध एक उभा पाइप, त्यावर पालथा ठेवलेला टोपीसारखा दुसरा. पाणी ठरावीक उंचीला आलं की सायफन लागतो आणि सगळं पाणी घळघळ करत एका दमात परत टाकीत उतरतं. मग हवा आत गेली की सायफन तुटतो आणि ड्रम पुन्हा भरायला लागतो. यात हलणारा भाग एकही नाही. मुळांना पाणीही मिळतं आणि मध्ये मध्ये हवाही. माझ्या मांडणीत ही घळघळ दर बारा-तेरा मिनिटांनी होते, आणि ती वेळेवर झाली नाही तर मला खाली तिसऱ्या मजल्यावरही चैन पडत नाही. मशिनच्या आवाजावर कान ठेवून आयुष्य गेलं आहे.

मासे लगेच सोडायचे नसतात, आणि हे लोक ऐकत नाहीत. आधी जंतू वसायला हवेत. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विष, तिसरं झाडांचं अन्न. काकांनी ओळखीच्या दुकानातून जुन्या फिल्टरमधली पिशवीभर खडी मागवून दिली, विरजण म्हणून. मी रोज टाकीत चिमूटभर मासळीचं खाद्य टाकायचे, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून, आणि युनिटच्या तक्त्यासारखाच तक्ता आखून आकडे लिहायचे. अमोनिया चढला, मग उतरला. नायट्राइट चढलं ते उतरेचना. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळले होते. डायलिसिसच्या वेळी काका विचारायचे, "आज नायट्राइट किती?" आणि त्याच दमात मी त्यांच्या फाइलमधलं क्रिएटिनिन वाचत असायचे. अडतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य, नायट्रेट चाळीस.

मासे माहेरून आले. दादाचं शेततळं मार्चअखेर आटत आलं होतं. मोठे सायप्रिनस (कॉमन कार्प) विकून झालेले, तळाशी त्यांचीच बोटुकली उरली होती. वीस निवडली, प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर दाबून हवा, पिशवी कापडी थैलीत, आणि आसनगावहून लोकल. ठाण्याला गाडी बदलताना एका कोळणीनं थैलीत डोकावून पाहिलं आणि मला बसायला जागा करून दिली. टिलापिया लवकर वाढतो हे मला माहीत होतं, पण त्याला सरकारी परवानगी लागते, आणि थाई मांगूरवर तर बंदीच आहे. सायप्रिनस चिवट आहे, काय घालाल ते खातो, आणि तो माहेरचा होता.

आता हिशोब, कारण मला तोच सगळ्यात जास्त आवडतो. पालेभाज्यांसाठी एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य, असं एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचं, प्रमाण आहे. माझे तीन अर्धे ड्रम मिळून दीड चौरस मीटर, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. मी ६० घालते. खाद्यात ३२ टक्के प्रथिनं, म्हणजे एकोणीस ग्रॅमच्या वर. प्रथिनांना ६.२५ नं भागलं की नायट्रोजन मिळतो. हा आकडा आमच्या पेशंटच्या आहाराच्या हिशोबात रोज येतो. उत्तर येतं तीन ग्रॅम. त्यातला काही माशांच्या अंगी लागतो, बाकीचा पाण्यात येतो आणि पालक, अळू, पुदिना, चुका त्याच्यावर वाढतात. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माझ्या पेशंटच्या रक्तातून आम्हाला साडेनऊ ग्रॅम नायट्रोजनाचा निकाल लावायचा असतो. गच्चीवर तीन ग्रॅमचा निकाल लावायला एक पंप आणि डोळ्यांना न दिसणारे जीव पुरतात. पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मी कितीतरी वेळ तो कागद बघत बसले होते.

आणि पाणी? मे महिन्यात ऊन आणि पानं मिळून दिवसाला बारा-पंधरा लिटर उडवतात. इतर दिवसांत सात-आठ, पावसाळ्यात जवळजवळ काही नाही. रोज एक हंडा किंवा अर्धा. तेवढीच भर. टाकी मी आजवर एकदाच रिकामी केली, आणि ती वेळ माझ्याच चुकीमुळे आली.

पाण्याची भर आपोआप पडावी म्हणून मी टाकीला बॉल कॉक बसवला होता. पाणी खाली गेलं की गच्चीवरच्या सोसायटीच्या टाकीतून थेट भर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन थोडं, भरही थोडी, ते निभत होतं. ऑक्टोबरमध्ये सोसायटीच्या टाक्या साफ केल्या. नोटीस खाली फळ्यावर लागलेली होती, मी वाचलीही होती. ब्लीचिंग पावडरनं टाक्या घासून पाणी भरलं, त्याच दुपारी माझ्या टाकीतली एक जोडणी गळत होती, आणि गळेल तेवढं पाणी बॉल कॉक मुकाट्यानं भरत राहिला. संध्याकाळी शिफ्टवरून येऊन वर गेले तर वास आला. तो वास मी झोपेतही ओळखते. अकरा मासे उलटे झाले होते.

जो थेंब मी रोज पहाटे दुसऱ्यांच्या रक्तासाठी टाकते, तो मी माझ्या टाकीसाठी टाकला नव्हता.

खरा घाव दोन दिवसांनी दिसला. क्लोरीननं जंतूही मारले होते. उरलेल्या नऊ माशांचा अमोनिया तसाच साठायला लागला, मग नायट्राइट चढलं, आणि मासे पृष्ठभागाला येऊन हवा गिळायला लागले. एकाचे कल्ले उचलून पाहिले तर लालऐवजी तपकिरी. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, त्याला प्राणवायू उचलता येत नाही. माणसांतही हेच होतं. काकांना फोन केला. ते म्हणाले, "खाद्य बंद. जाडं मीठ घाल, आयोडीनवालं नको, लिटरला एक ग्रॅमच्या आत." मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. मीठ घातलं, हवेचा दुसरा पंप लावला. दोन रात्री मी गच्चीवर सतरंजी टाकून झोपले आणि माझी लेक अकरावीची पुस्तकं घेऊन शेजारी बसली. नऊच्या नऊ जगले. मग त्यांना टबात हलवून टाकी धुतली, आणि जंतूंची वसाहत पुन्हा पहिल्यापासून.

बॉल कॉक मी काढून टाकला. आता एका वेगळ्या ड्रममध्ये पाणी आदल्या दिवशी भरून ठेवते, त्यात हवेचा दगड सोडते, आणि ओतण्याआधी क्लोरीन दाखवणारे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकते. पिवळं झालं तर अजून थांबायचं. शेजारी वही लटकवली आहे. वेळ आणि सही.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, पण वेळेवर कराव्या लागतात. जंतूंच्या कामातून आम्ल तयार होत राहतं, म्हणून पाण्याचा पीएच हळूहळू घसरतो. आमच्याकडे तिसऱ्या झाल्या की शिंपले धुऊन, उन्हात वाळवून मी जाळीच्या पिशवीत भरते आणि टाकीत टांगते. पाणी आंबट व्हायला लागलं की तेवढेच विरघळतात. पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडलं. माशांच्या खाद्यात झाडांपुरतं लोह नसतं. माझ्या पेशंटना शिरेतून लोह द्यावं लागतं, तसंच पालकाला चिलेटेड (पाण्यात विरघळून राहणारं) लोह, पाकिटावर डीटीपीए लिहिलेलं बघून घ्यायचं. पावसाळ्यात वरून पत्रा, नाहीतर एका रात्रीत टाकी भरून वाहते आणि पीएच कोसळतो. वर नायलॉनची जाळी, कारण भांडुपचे कावळे हुशार आहेत.

महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं डेंग्यूच्या हंगामात गच्च्या तपासायला येतात. मला धास्ती होती, ड्रम उपडे करायला लावतील. आलेल्या गृहस्थांनी बॅटरी मारून टाकी पाहिली, अळ्या शोधल्या. एकही नव्हती, मासे ठेवतील कशाला? ते म्हणाले, "आम्ही गप्पी सोडत फिरतो, तुमच्याकडे तर मोठेच आहेत." पाणी भरून ठेवायच्या ड्रमला मात्र घट्ट झाकण लावायला सांगितलं, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यात मासे नसतात.

खायचं म्हणाल तर चौघांना आठवड्यातून तीनदा पालेभाजी मिळते, पुदिना विकत घेतलेला आठवत नाही, आणि अळूनं तर मला लाजवलं. एवढी पानं येतात की जिन्यातल्या प्रत्येक घरी वड्या झाल्या आहेत. मासे वर्षातून एकदा. सायप्रिनसला काटे फार, आणि सासूबाई मालवणच्या, त्यांना गोड्या पाण्यातल्या माशाचा चिखलाचा वास सहन होत नाही. दोन दिवस खाद्य न देता स्वच्छ पाण्यात ठेवले आणि कैरी घालून कालवण केलं तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. काकांना मात्र मी यातलं काही देऊ शकत नाही. पालकातलं पोटॅशियम त्यांना चालत नाही. ते फक्त आकडे विचारतात.

याच्यावर एखादं शहर जगेल असं मी म्हणणार नाही. यात तांदूळ होत नाही, ज्वारी होत नाही. दोन पंप मिळून २५ वॅट, म्हणजे महिन्याला अठरा युनिट वीज. खाद्यात समुद्रातल्या छोट्या मासळीची भुकटी असते, आणि ती गोष्ट मला टोचते. हल्ली मी चौथा भाग डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती, घालते, तेही त्याच पाण्यावर वाढवलेलं. पण जिथे पाणी हंड्यानं मोजतात तिथे हिरवी भाजी उन्हाळ्यात बंदच होते, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीत वाल, सुकट आणि भाकरी. वहिनीचं हिमोग्लोबिन दोन्ही बाळंतपणांत आठाच्या वर गेलं नव्हतं. माझी धडपड त्या दोन महिन्यांसाठी आहे.

म्हणून यंदाच्या मे महिन्यात सुट्टी काढून गेले. बरोबर माझ्या वाफ्यातल्या गोळ्यांची अर्धी गोणी ओली ठेवून नेली, जंतूंसकट. पडवीत २०० लिटरचा ड्रम आणि वर एक चिरलेला कॅन, त्यात अळूचे दोन कांदे आणि पुदिन्याच्या काड्या. वहिनीनं कंबरेवर हात ठेवून विचारलं, "एकदा दोनशे लिटर. मग रोज किती?"

"उन्हाळ्यात सहा-सात लिटर. अर्धा हंडा."

"अर्धा हंडा तर मी भांडी विसळायलाच घालते," ती म्हणाली, आणि दोन दिवस टँकरच्या वेळी एक-एक खेप जास्त मारून तिनं आणि दादानं ड्रम भरला. मी नको म्हणत होते, पावसापर्यंत थांबू म्हणत होते. तिनं ऐकलं नाही.

टँकरच्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास होता. ड्रम दोन दिवस उघडा ठेवला. तिसऱ्या सकाळी मी बाटली वहिनीच्या हातात दिली, तिनं थेंब टाकले आणि बाटली उजेडाकडे धरली. रंग आला नाही.

वाडीत दुपारची वीज जाते, त्यामुळे सायप्रिनस तिथे टिकायचा नाही. दादाचं म्हणणं, देशी मांगूरच बरा, तो वर येऊन हवेतला श्वास घेतो. पहिल्या पावसात वलगण चढली, म्हणजे मासे प्रवाहाविरुद्ध वर यायला लागले, की ओढ्यातून चार-पाच धरून आणतो म्हणाला. मी सांगितलं, लहानच आण, गाभोळी असलेले सोडून दे. तोवर वहिनी रोज सकाळी चिमूटभर खाद्य त्या रिकाम्या ड्रममध्ये टाकते, जंतूंसाठी. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि बराच वेळ वाकून शोधत राहिल्या. मासे कुठायत, त्यांनी विचारलं.

"येतायत," वहिनी म्हणाली, आणि ड्रमवर फळी ठेवून दोर घेऊन विहिरीकडे गेली.